वानखडे सिस्टरची चौकशी

चंडीगढला लागून असलेल्या मनीमाजऱ्यात आम्ही राहायला गेलो त्या दिवशी, ट्रकमधलं सामान अजून जिन्यातच पडलेलं असताना, वरच्या मजल्यावरून एक बाई खाली उतरल्या. उंच, सडसडीत, नर्सच्या पांढऱ्या कोटावर करडा स्वेटर. वर मराठी बाई राहतात हे घरमालकानं सांगितलं होतं, म्हणून मी हसून पुढे झाले. माझं हसणं त्यांनी बाजूला ठेवलं.

"कुठच्या?"

"साताऱ्याच्या."

"गावातल्या का जिल्ह्यातल्या?"

"वाईजवळच्या."

"मंग सातारा काहून म्हणता?"

एवढं बोलून त्यांनी आमच्या कपाटाकडे, गाद्यांकडे आणि नवऱ्याकडे आळीपाळीनं पाहिलं. त्याच्या ऑफिसचं नाव विचारलं, कुठल्या सेक्टरात आहे ते विचारलं, आणि निघून गेल्या. दोन दिवसांनी दाराशी पुन्हा उभ्या. हातात झाकलेलं पातेलं.

"तुमचा नवरा खरंच तिथी कामाले हाय," त्या म्हणाल्या. "मी पाहून आली. ह्या पातोड्या. तिखट हायेत, दही घ्या संग."

ही शकुंतला वानखडे यांची आणि माझी ओळख. त्या अमरावतीकडच्या, दर्यापूरच्या. सेक्टर बत्तीसच्या सरकारी इस्पितळात कित्येक वर्षं नर्स होत्या, त्यामुळे गल्लीत सगळे त्यांना सिस्टरजी म्हणायचे. मी ताई म्हणू लागले. नवरा वारलेला, मेघा नावाची एकच मुलगी, एवढं त्यांनी पहिल्या आठवड्यातच सांगितलं, आणि पुढं त्या विषयावर कधी बोलल्या नाहीत.

ताईंचा कशावरच विश्वास नव्हता. दुधावर नव्हता, दूधवाल्यावर तर नव्हताच. पाण्याचं मशीन विकायला एक चुणचुणीत मुलगा दारी आला, तर त्यांनी आधी त्याचं ओळखपत्र मागितलं, मोबाइलवर त्याचा फोटो काढला, आणि मशीनमधून निघालेलं पाणी पहिल्यांदा त्यालाच प्यायला लावलं. "पी ना भैया. अच्छा है तो पी." त्यानं पेला रिकामा केल्यावर म्हणाल्या, "आता थोडा वेळ बस." बिचारा आमच्या पायरीवर बसून राहिला, ताई वरून अधूनमधून त्याचा चेहरा बघत राहिल्या, आणि मशीन काही घेतलं नाहीच.

कोणी फार गोड बोललं की त्यांच्या कपाळावर उभी आठी पडायची. "हा एवढा काहून हसून रायला?" हा त्यांचा आवडता प्रश्न. दुकानदार, डॉक्टर, रिक्षावाला, लग्न जमवणाऱ्या बायका, सगळ्यांना तो लागू होता. फोनवर अनोळखी आवाज आला तर त्या स्वतःचं नाव सांगायच्या नाहीत. "आप पहले बताओ आप कौन," असं म्हणून गप्प बसायच्या, आणि समोरचा बोलता बोलता थकेपर्यंत गप्पच राहायच्या.

या स्वभावाचा त्रास लोकांना व्हायचा, हेही खरं. चंडीगढमधल्या आम्हा मराठी मंडळींचा गणपती असतो. एका वर्षी तिथे एक निवृत्त हवाई दलातले गृहस्थ आले. रुबाबदार मिशा, आरतीचा गळा असा की मांडव शांत व्हायचा. सगळ्या बायका त्यांच्या भोवती. ताईंनी त्यांना चारचौघांत विचारलं, "साहेब, तुम्ही निवृत्त झाले, मंग गावी काहून नाही गेले? इथी कोन हाय तुमचं?" ते गृहस्थ काहीतरी पुटपुटले. ताई तेवढ्यावर थांबल्या नाहीत. हवाई दलात असलेल्या दोन-तीन कुटुंबांकडे जाऊन त्यांनी त्या माणसाची पाळंमुळं शोधली. माणूस अस्सल निघाला. बायको गेल्यावर गावचं घर खायला उठायचं, म्हणून इथे राहिला होता. ही चौकशी त्यांच्या कानावर गेली आणि पुढच्या वर्षी ते आरतीला आले नाहीत. मी ताईंना म्हटलं, निदान फोन करून माफी तरी मागा. "मी काही खोटं बोलली का? विचारलं फक्त," त्या म्हणाल्या. पण त्या हिवाळ्यात ते गृहस्थ इस्पितळात भरती झाले तेव्हा ताई ड्यूटी संपल्यावर रोज त्यांच्या खाटेजवळ जाऊन बसायच्या, हे मला दुसऱ्याच कोणाकडून कळलं.

मेघा आयटी पार्कात नोकरीला होती. आईचं वऱ्हाडी तिला सगळं समजायचं, उत्तर मात्र हिंदीत. तिच्या ऑफिसात एक राजस्थानी मुलगा आहे, अनुराग, आणि त्या दोघांचं ठरल्यासारखं आहे, एवढं मला माहीत होतं. ताईंनी त्या मुलाला एकदा जेवायला बोलावलं होतं. तो गेल्यावर मी विचारलं, "कसा वाटला?"

"चांगला हाय."

"मग झालं तर."

"एवढा चांगला कसा काय?"

त्यानंतर महिनाभरात ताई एकदम म्हणाल्या, "नीलिमा, तुले जुन्या विहिरी पाहाच्या होत्या ना? बुंदीले जाऊ. लय मोठी बावडी हाय म्हनते. देवळं तं इतकी, का लोक छोटी काशी म्हनतात." मी हुरळले. माझा नवरा दौऱ्यावर होता, आणि वाईची असल्यामुळे घाट, पायऱ्या, देवळं म्हटलं की मला राहवत नाही. मोबाइलवर मी राणीच्या बावडीचे फोटो पाहून ठेवले. राजस्थानात कोट्यापर्यंत रेल्वे, पुढे बस. बसमध्ये, बाहेर दगडी डोंगर दिसायला लागल्यावर, ताई माझ्या कानाशी वाकून म्हणाल्या, "थो पोट्टा इथचाच हाय."

"कोण? अनुराग?"

"हळू बोल. त्याची माय शाळेत मास्तरीन हाय. बाप नाही. आपुन विहीर पाहाले आलो, समजलं?"

"अहो, मग त्यांना कळवून सरळ घरी जाऊ की!"

"कळवून गेलं तं घर झाडूनच ठेवतीन. न कळवता पाहाचं असते."

मला रागही आला आणि थोडी गंमतही वाटली. बस चौगान दरवाजाजवळ थांबली तेव्हा डोंगराच्या अंगावर चढलेला महाल दिसत होता, खाली निळसर भिंतींची घरं. मी वर बघत होते, ताई माणसांकडे. उतरल्या उतरल्या त्या एका कचोरीवाल्याकडे गेल्या. "भैया, वो मास्टरनी जी का घर किधर पड़ता? विमला मास्टरनी. हमारे रिश्तेदार के बच्चे को स्कूल में डालना है।" कचोरीवाल्यानं पत्ता सांगितला आणि विमलाजी फार भल्या आहेत असंही सांगितलं. ताईंनी मान हलवली. दूर आल्यावर म्हणाल्या, "लगेच भल्या म्हणाला. न विचारता."

राणीची बावडी शहराच्या ऐन मधोमध आहे. रस्त्यावरून जाताना कोणाला शंकाही येणार नाही की या कठड्याच्या आत एक देऊळच जमिनीत उतरवलेलं आहे. उंच कमान, तिच्यातून खाली खाली जाणाऱ्या पायऱ्या, खांबांच्या माथ्यावर दगडी हत्ती, भिंतीत विष्णूचे अवतार. खाली गारवा आणि पारव्यांचं घुमणं. मी हत्तींची सोंड बघण्यात गुंग झाले होते. ताई कठड्याला हात लावून म्हणाल्या, "एवढी नक्षी, अन् सारी अंधारात. कोनाले दाखवाले?"

"राणीनं बांधली म्हणे. लोकांच्या पाण्यासाठी."

"राजाले माहीत होतं का?"

मला हसू आलं. त्या हसल्या नाहीत. त्या माझ्या मागे कुठेतरी बघत होत्या.

"वळू नको. काळी छत्री घेतलेली बाई हाय. रस्त्यानं येतानी पन मांगंच होती."

मी अर्थातच वळले. हिरव्या साडीतली एक गोल चेहऱ्याची बाई, उन्हासाठी उघडलेली काळी छत्री. आमची नजर जाताच तिनं छत्री खाली केली आणि ती माहितीचा फलक वाचू लागली. गावातली बाई आपल्याच गावचा फलक कशाला वाचेल, असं माझ्या मनात आलं, आणि मग मात्र माझीही मजा संपली. मी पर्स पोटाशी धरली.

तिथून आम्ही बाजारातल्या देवळांकडे गेलो. एका गल्लीत देऊळ, त्याच्या पाठीला देऊळ, घरांच्या ओट्यांमध्ये घुसलेली देवळं. एका देवळात ताईंनी पुजाऱ्याला गाठलं. प्रसाद घेतला, नमस्कार केला, मग हळूच मास्तरीणबाईंचा विषय काढला. सासू कशी होती, दिराशी भांडण आहे का, मुलाची आधी कुठे सोयरीक ठरली होती का. पुजारी म्हातारा, आधी खुशीत बोलत होता. मग त्यानं विचारलं, "बहनजी, बच्चे को स्कूल में डालना है या लड़की देनी है?" ताई तिथून उठल्याच.

देवळाबाहेर काळी छत्री उभी होती.

"आता मी विचारते," ताई म्हणाल्या, आणि मी थांबवायच्या आत रस्ता ओलांडून गेल्या. "क्यों जी, हमारे पीछे क्यों फिर रहे हो सुबह से?"

त्या बाईनं छत्री मिटली. "आप मेघा की मम्मी हैं ना?" तिचा आवाज शाळेच्या वर्गातल्यासारखा, स्वच्छ. "मैं विमला। अनुराग की माँ। आपने कचौरी की दुकान पर पूछा, तभी फोन आ गया था। अभी पंडितजी का भी आया। मैंने सोचा, जितना पूछना है पहले पूछ लें, फिर घर ले चलूँगी।"

मला जमीन दुभंगेल तर बरं असं झालं. ताई एवढंच म्हणाल्या, "चलो।"

घर गल्लीच्या वळणावर, दोन खोल्या खाली, एक वर. विमलाजींनी आम्हाला बसायला सांगितलं, पण ताई बसल्या नाहीत. त्या स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या. "देख लीजिए," विमलाजी म्हणाल्या, "रसोई भी, छत भी। ऊपर अनुराग का कमरा है।" आणि ताईंनी खरोखरच सगळं पाहिलं. माठात वाकून पाहिलं, वर जाऊन गच्ची पाहिली, खाली येऊन न्हाणीघरात डोकावल्या. विमलाजी शांतपणे चहाला आधण ठेवत होत्या. मी मात्र त्या घरातल्या एकाही वस्तूकडे डोळे वर करून बघू शकत नव्हते.

चहा आला. बशीत मठरी. विमलाजी ताईंसमोर बसल्या आणि म्हणाल्या, "मैं भी आई थी चंडीगढ़। सर्दियों में। किसी को बताया नहीं, अनुराग को भी नहीं।"

ताईंनी कप खाली ठेवला.

"आपके वार्ड में आई थी। एक मरीज़ की रिश्तेदार बनकर बैठ गई। आपने आकर पूछा, किसके साथ हो? मैंने कोई नाम बता दिया। आपने पूछा, उनको क्या तकलीफ़ है? मैं बता नहीं पाई। आपने मुझे हाथ पकड़कर बाहर निकाल दिया।"

"थे तुम्ही होत्या?" ताई मराठीतच बोलून गेल्या.

विमलाजींना काय समजायचं ते समजलं. त्या हसल्या. "बाहर बेंच पर बैठकर मैंने सोचा, जो पराए मरीज़ की इतनी चौकीदारी करती है, उसकी बेटी भी ठीक ही होगी।"

मला वाटलं, संपलं. दोघी एकमेकींच्या तोडीच्या निघाल्या. ताईंच्या कपाळावरची आठी पहिल्यांदाच मोकळी झाल्यासारखी दिसली. तेवढ्यात विमलाजी मठरीची बशी पुढे सरकवत म्हणाल्या, "हमारी जेठानी की बेटी अमरावती में ब्याही है। कपड़े का काम है उनका। वहाँ से भी पुछवाया था।"

ताईंचा हात बशीपर्यंत जाऊन थांबला. त्यांचा चेहरा असा झालेला मी कधी पाहिला नव्हता. रंगच उतरला होता. मला काहीच कळलं नाही, आणि नको तिथे मीच विचारलं, "फिर?"

विमलाजींनी माझ्याकडे पाहिलंही नाही. त्या ताईंकडे बघत होत्या.

"फिर क्या। लड़की अच्छी है, माँ अच्छी है। हमें और किसी से रिश्ता थोड़े ही करना है।"

विमलाजींनी चहा पुन्हा गरम करून आणला.

परतीच्या बसला वेळ होता. ताई म्हणाल्या, पुन्हा त्या बावडीकडे जाऊ. मला आश्चर्य वाटलं, पण आम्ही गेलो आणि वरच्या पायरीवर बसलो. पर्यटक निघून गेले होते. ताई बराच वेळ खालच्या पाण्याकडे बघत होत्या.

"जिवंत हाय थो," त्या म्हणाल्या.

"कोण?"

"मेघाचा बाप. दर्यापुरातच हाय. दुसरीचं घर हाय, लेकरं हायेत."

मी त्यांच्याकडे वळले.

"मेघा पोटात होती तवापासून थे चालू होतं. साऱ्या गावाले माहीत. सासूले माहीत, किरानावाल्याले माहीत. माह्या घरी येऊन चहा पेत होती थे बाई, मी तिले खुर्ची द्याची. मले एकटीलेच माहीत नव्हतं." त्या थांबल्या. "मेघा रांगत होती, तिले घेऊन निघाली. नर्सिंगचं शिक्षण होतं. जितक्या दूर नोकरी भेटली तितक्या दूर आली."

"पण वारले असं का सांगितलंत?"

"नवरा मेला म्हटलं का लोक एकदाच विचारतात. सोडला म्हटलं का रोज विचारतात."

"मेघाला...?"

"नाही." आणि मग, एकदम कठोर आवाजात, "आता सांगाच लागन. त्या बाईले माहीत अन् माह्या पोरीले नाही, असं नाही चालत. मंग माह्यात अन् त्या गावच्या लोकांत काय फरक?"

चंडीगढला परतल्यावर त्यांनी दोन-तीन दिवस काढले. मग रविवारी मला वर बोलावलं. "तू बस फक्त. मले एकटीनं जमत नाही." मी सोफ्याच्या कडेला बसले. ताईंनी उभ्या उभ्या सांगितलं, काही न लपवता, एखाद्या पेशंटची हकिगत डॉक्टरला सांगावी तशा सुरात. मेघा ऐकत राहिली. मला वाटलं रडेल. ती रडली नाही.

"मम्मी, आप दूधवाले की इन्क्वायरी करती हो। अनुराग के शहर जाकर पंडित से पूछती हो। और मैं पूरी ज़िंदगी एक मरे हुए आदमी के लिए..." दर पितृपक्षात ती आईकडून मुद्दाम मागून घेऊन वडिलांसाठी पान वाढायची, हे मला माहीत होतं. ताई तिच्या खांद्यावर हात ठेवायला गेल्या, तर ती बाजूला सरली. संध्याकाळी बॅग भरून मैत्रिणीकडे झिरकपूरला निघून गेली.

ते आठवडे मी विसरू शकत नाही. ताई कामावर जायच्या, यायच्या. जिन्यात भेटल्या तरी काही विचारायच्या नाहीत, आणि त्यांनी काही न विचारणं मला फार जड जायचं. दाराशी नवा गॅसवाला आला, त्यांनी त्याला सरळ आत घेतलं. लग्न होणार की नाही हे कोणालाच ठाऊक नव्हतं. आता शंका मुलीला होती, आणि ती मुलावर नव्हती, आईवर होती. मी मेघाला एकदा फोन केला. ती म्हणाली, "आंटी, अब वो जो भी बोलेंगी, मैं सोचूँगी कि सच है या नहीं।"

या काळात विमलाजी आल्या. या वेळी कळवून आल्या आणि ताईंकडेच राहिल्या. दोघी स्वयंपाकघरात काय बोलायच्या ते मला कळायचं नाही. वरून फक्त भांड्यांचा आवाज यायचा आणि मधूनच दोन भाषांतला वाद. तेल किती घालायचं यावरचा असावा. विमलाजी झिरकपूरला मेघाकडेही जाऊन आल्या. त्यांनी तिला समजावलं वगैरे नाही, एवढंच मेघा पुढे मला म्हणाली. त्यांनी विचारलं, "तुझे उसे देखना है? तो जा, देख आ।"

मेघा दर्यापूरला गेली. अनुराग बरोबर होता, पण त्याला तिनं कोपऱ्यावर थांबवलं आणि एकटीच त्या घरी गेली. परत आल्यावर ती आमच्या दारावरून थेट वर गेली. दुसऱ्या दिवशी मी वर गेले तेव्हा ताई कणीक मळत होत्या, मेघा आतल्या खोलीत झोपली होती.

"बसली होती म्हने तिथी," ताई खालच्या आवाजात म्हणाल्या. "चहा पेली. त्यानं विचारलं म्हने, कोनाची पोरगी तू?"

"मग? काय म्हणाली ती?"

"म्हने, शकुंतला वानखडेची. अन् उठून आली."

त्यांनी कणीक उलटली आणि पुन्हा मळायला लागल्या. पाणी कमी पडलं होतं, तरी त्या मळतच राहिल्या.

लग्न बुंदीत झालं, विमलाजींच्या गल्लीतल्याच देवळात. आमच्या बदलीचा हुकूम आलेला होता, आठवड्यानं आम्ही रायपूरला निघणार होतो, तरी मी आणि नवरा गेलो. ताई मोरपंखी रंगाच्या पैठणीत होत्या आणि आधीसारख्याच वागत होत्या. आचाऱ्याला पनीर कुठून आणलं ते विचारलं. बँडवाल्याला, "तुम लोग असली वाले ही हो ना?" असं विचारून गोंधळात टाकलं. भटजींनी मंत्र म्हणताना मधलं काही गाळलं असा त्यांना संशय होता, तो त्यांनी माझ्या कानात बोलून दाखवला. कन्यादानाला त्या एकट्याच बसल्या. कोणी काही विचारलं नाही. विचारणाऱ्यांना विमलाजींनी आधीच गप्प केलेलं असणार.

दुपारी पंगती उठल्या. आम्हाला कोट्याची गाडी गाठायची होती, म्हणून मी निरोप घ्यायला ताईंना शोधत निघाले. खाली नव्हत्या, अंगणात नव्हत्या. वर गेले. गच्चीला लागून असलेल्या खोलीचं दार सताड उघडं होतं. आत पाहुण्यांच्या बॅगा, कोणाची कोणाची लेकरं, येणारी-जाणारी अनोळखी माणसं, आणि त्या सगळ्यांमध्ये सतरंजीवर ताई गाढ झोपल्या होत्या. पैठणी चुरगळलेली, बांगड्यांचा हात उशाशी, तोंड थोडं उघडं. त्यांच्याजवळ भिंतीला टेकून विमलाजी बसल्या होत्या आणि पदरानं त्यांच्या तोंडावरच्या माश्या वारत होत्या.

मला पाहून त्यांनी ओठांवर बोट ठेवलं.

मी चपला हातात घेतल्या आणि आवाज न करता जिना उतरले.